खानापूरच्या गच्चीवरून सूर्याचा धक्का मोजताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं टीव्ही आणि डिश दुरुस्तीचं दुकान आहे. दूरदर्शनच्या जमान्यात तालुक्यातल्या कितीतरी कौलारू घरांवर मीच अँटेना चढवल्या आणि डिश आल्यावर मीच त्या उतरवल्या. उतरवलेलं अ‍ॅल्युमिनियम भंगारात घालायला जीव होईना, म्हणून दुकानामागच्या पडवीत पाइपांची मोळी पडून असायची. दर दिवाळीच्या साफसफाईला बायको त्या मोळीचा उद्धार करायची.

मे 2024 मध्ये 10 आणि 11 तारखेला ते मोठं सौरवादळ आलं. जी-5, म्हणजे मोजपट्टीवरचं सगळ्यात वरचं. लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला आणि ते फोटो घरोघरी मोबाइलवर फिरले. बेळगावात इंजिनिअरिंगला असलेला भाचा तेव्हा सुट्टीला आमच्याकडे होता. म्हणाला, "मामा, तो प्रकाश हितनं काय दिसायचा नाही. पण सूर्यावर स्फोट झाला की त्याचा रेडिओ सिग्नल आपल्याला पकडता येतोय की."

"कुठल्या फ्रिक्वेन्सीला?"

"पंचेचाळीस मेगाहर्ट्झपासून पुढं."

म्हणजे आमचा बँड वन! जुने दोन, तीन, चार नंबरचे चॅनेल 47 ते 68 मेगाहर्ट्झमध्येच बसायचे. ज्या पट्ट्यात मी उमेदीची वर्षं काढली, तो पट्टा अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यापासून मोकळाच पडलाय. तिथं सूर्य बोलतो म्हटल्यावर मला राहवेना.

सूर्य नेमका याच पट्ट्यात का बोलतो, हे भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर समजावलं. सूर्याभोवतीचं प्रभामंडल म्हणजे इतका तापलेला वायू, की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्यांना कुणी ढोसलं की ते मागेपुढे हलायला लागतात, आणि किती वेगानं हलायचं हे फक्त त्यांच्या दाटीवर ठरतं. एका घनसेंटिमीटरमध्ये दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर 90 मेगाहर्ट्झ. दाटी चौथाईवर आली की फ्रिक्वेन्सी निम्मी. सूर्यापासून जितकं वर जावं तितकी दाटी विरळ होत जाते, म्हणून खालून वर चढणारी कुठलीही गोष्ट जाता जाता या इलेक्ट्रॉनना ढोसत गेली, तर तिचा सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीकडून खालच्या फ्रिक्वेन्सीकडे घसरत येतो.

चढणारी गोष्ट इलेक्ट्रॉनांचा झोत असेल तर त्याचा वेग प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो आणि सगळी घसरण काही सेकंदांत उरकते. त्याला टाइप थ्री म्हणतात. पण स्फोटातून उसळलेलं द्रव्य तिथल्या चुंबकीय लहरींच्या वेगालाही मागे टाकून सुटलं, की त्याच्यापुढे आघात-तरंग तयार होतो. हा सेकंदाला काहीशे ते हजारावर किलोमीटरनं चढतो आणि त्याची घसरण चांगली काही मिनिटं चालते. हा टाइप टू. आम्हाला हवा होता तो हा. टाइप थ्री सूर्य जोरात असेल तेव्हा सारखे येत असतात. टाइप टूची वाट बघावी लागते.

अँटेनाचं काम माझ्या हातातलं होतं. हिशोब तोच जुना: 150 ला मेगाहर्ट्झनं भागलं की अर्ध्या लहरीइतका एलिमेंट, म्हणजे अँटेनाची आडवी नळी, मीटरमध्ये मिळतो. 45 साठी सव्वातीन मीटरच्या वर जातो, म्हणून सगळ्यात मागचा एलिमेंट दोन पाइप बाही घालून जोडून केला. यागी, म्हणजे टीव्हीची जुनी अँटेना, एकाच चॅनेलला चोख चालते. इथं सगळा पट्टा हवा, म्हणून लॉग-पिरिऑडिक. तिच्यात प्रत्येक पुढचा एलिमेंट ठरावीक प्रमाणात आखूड होत जातो, आणि दोन समांतर चौकोनी पाइपांवर उजवी-डावी बाजू आलटून पालटून बसवायची असते. ती अदलाबदल चुकली तर अँटेना म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी. दोन पाइपांमध्ये अंतर राखायला नायलॉनचे तुकडे लागतात. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका दोस्तानं जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून दिले. केबल आपली नेहमीची डिशचीच, आरजी-सिक्स.

रिसीव्हर म्हणून यूएसबीचं आरटीएल-एसडीआर डोंगल घेतलं. हे मुळात कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही बघायला बनवलेलं, म्हणजे आमच्याच जातीचं. साधारण 24 पासून 1,700 मेगाहर्ट्झपर्यंत काहीही ऐकतं, पण एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झचाच तुकडा. म्हणून भाच्यानं प्रोग्राम लिहिला: 45 पासून 87 पर्यंत तुकडे बदलत जायचं, दर सेकंद-दीड सेकंदाला एक फेरी, आणि प्रत्येक फेरीतली ताकद रंगानं मांडायची. आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी. जगभर सौर-रेडिओसाठी वापरतात ते कॅलिस्टो नावाचं यंत्र झुरिकच्या ईटीएच संस्थेत ख्रिस्तियान मोनस्टाइन यांनी तयार केलं. ते सेकंदाला चार वेळा दोनशे ठिकाणं तपासतं. आमचं त्यापुढे मंदच, पण टाइप टूला तेवढं चालतं. 87 ला थांबलो कारण पुढे एफएम सुरू होतं. एफएमच्या ताकदीनं बिचारं डोंगल आंधळं होतं, म्हणून मध्ये एफएम अडवणारा फिल्टर घालावाच लागला.

तोंड कुठं करायचं, हा प्रश्न तसा सोपा. आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि डिसेंबरात दक्षिणेला पन्नासेक अंशांवर राहतो. अँटेनाचा झोत पुष्कळ रुंद असल्यामुळे तिला आकाशाकडे तोंड करून थोडी दक्षिणेला कलवली की सकाळ-संध्याकाळ सोडून काम भागतं. आभाळाकडे बोट दाखवणारी अँटेना गल्लीत कुणी पाहिली नव्हती. मीटर बघायला आलेला लाइनमनसुद्धा मान वर करून कानडीत "एनरी इदु?" (काय हो हे?) म्हणाला. वानरांना मात्र काही विचारायचं नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागचा एलिमेंट वाकवला. आता खांबाला करवंदीच्या फांद्या बांधल्यात.

खरं काम यानंतर सुरू झालं. स्क्रीनवर जे पहिलं चित्र उमटलं त्यात सूर्याला उभं राहायला जागा नव्हती. आडव्या रेघा, उभ्या रेघा, तिरके पट्टे, ठिपके. एवढा कचरा हवेत असतो हे मला धंद्यात असूनही ठाऊक नव्हतं, कारण टीव्हीचा सिग्नल त्याच्या कितीतरी वर असायचा.

घरापासून सुरुवात केली. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, मेन स्विच खाली ओढला आणि एकेक वस्तू परत चालू करत गेलो. मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, सगळ्यांची ओळख पटली. सगळ्यात वाईट निघाली देवघरातली एलईडीची माळ. तिच्या स्वस्त सर्किटातून जो गोंगाट निघत होता, त्यानं 50 ते 70 चा पट्टा भरून टाकला होता. बायको म्हणाली, "देवापुढचा दिवा काढून सूर्य ऐकणार काय तुम्ही?" शेवटी समई आणि साधा बल्ब यावर तडजोड झाली. शेजाऱ्यांच्या घरात असा तपास करता येत नाही. तिथं चार बल्ब आपल्या पैशानं बदलून दिले.

तरी एक ठोका जाईना. साधारण सेकंदा-सेकंदाला एक उभी रेघ, वरपासून खालपर्यंत, घड्याळ लावल्यागत. संध्याकाळी जुना ट्रान्झिस्टर घेतला. सांगली आकाशवाणीपासून काटा थोडा बाजूला, काही लागत नाही अशा जागी आणला आणि टक् टक् ऐकत निघालो. गल्ली संपली, ओढा ओलांडला, आवाज वाढत गेला. उसाच्या फडाला लावलेलं झटका मशीन. रानडुकरं आणि गवे येतात म्हणून तारेला सेकंदा-सेकंदाला झटका सोडणारं. मालक ओळखीचेच. म्हणाले, "अहो, दिवसा कशाला बंद करायचं? परत चालू करायचं ध्यानात राहत नाही गा."

तारेच्या कडेनं चाललो तर जागोजागी गवत वाढून तारेला टेकलं होतं. अंधार पडत होता म्हणून दिसलं: ओल्या पात्याच्या टोकाशी प्रत्येक झटक्याला बारीक निळी ठिणगी. मशीनपेक्षा ही ठिणगीच जास्त ओरडत होती. त्यांना म्हटलं, गवतात करंट मुरतोय, डुकराला काय लागणार? हे त्यांना लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी विळे घेऊन कड साफ केली. टक् टक् पूर्ण गेलं नाही, पण इतकं बारीक झालं की प्रोग्रामला ते वजा करता आलं.

करंट गेला की मात्र सोनं. सगळा गाव एकदम गप्प होतो, स्क्रीनवरच्या आडव्या रेघा पुसल्या जातात आणि तळाची पातळी खाली बसते. एरवी करंट गेल्यावर मी शिव्या द्यायचो; आता बॅटरी किती टक्के आहे ते आधी बघतो.

तेवढी शांतता मिळाल्यावर पुढचा प्रश्न: आपल्या अँटेनाला आकाश खरंच ऐकू येतंय, का आपण गावाचाच गोंगाट कमी करत बसलोय? शांत सूर्य एवढ्या लहान अँटेनाला कळतच नाही, स्फोट झाला तरच कळतो. पण आकाशगंगा कळते. या फ्रिक्वेन्सींना आकाशगंगेचा खरखराट इतका जोरकस असतो, की तो दिवसभरात हळूच चढतो आणि उतरतो. हा चढ सूर्याच्या घड्याळावर चालत नाही, ताऱ्यांच्या घड्याळावर चालतो. रोज चार मिनिटं आधी, महिन्याला दोन तास आधी. कार्ल जान्स्कीनं 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला याच चार मिनिटांवरून ओळखलं होतं की त्याच्या अँटेनातला आवाज पृथ्वीवरचा नाही. आम्ही चढाची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहीत गेलो आणि ती मागे मागे सरकत गेली. मला विचाराल तर सगळ्या उद्योगातला खरा आनंदाचा क्षण हा. सूर्य नंतर.

पहिले टाइप थ्री वळवाच्या दिवसांत आले, आणि तीच अडचण होती. वीज चमकली की सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम उभी रेघ उमटते. टाइप थ्रीसुद्धा लांबून उभ्या रेघेसारखाच दिसतो. फरक बघायला चित्र ताणून मोठं करावं लागतं: विजेची रेघ सरळ उभी, टाइप थ्रीची वरून खाली किंचित कललेली, कारण वरची फ्रिक्वेन्सी आधी येते. आमच्या मंद फेरीत तो कलसुद्धा कधी कधी हरवतो. मग एकच खात्रीचा उपाय, दुसऱ्या ठिकाणची नोंद बघणं. आमच्याच कर्नाटकात, बेंगळुरूच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर गौरीबिदनूरला भारतीय खगोलभौतिकी संस्थेची रेडिओ वेधशाळा आहे. तिथं 1997 पासून सूर्यासाठी खास रेडिओ दुर्बीण चालते. कॅलिस्टो यंत्रांच्या जाळ्यातही गौरीबिदनूर आणि उटी ही केंद्रं आहेत आणि त्या जाळ्याच्या नोंदी कुणालाही बघता येतात. वेळ जागतिक असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. खानापुरातली वीज गौरीबिदनूरला उमटत नाही. दोन्हीकडे त्याच सेकंदाला तीच रेघ असेल तर ती वरूनच आलेली.

या पट्ट्यात सूर्य पहिल्यांदा ऐकला तो युद्धात. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिशांच्या किनारी रडारवर चार ते सहा मीटर लांबीच्या लहरींत, म्हणजे 50 ते 75 मेगाहर्ट्झला, भयंकर गोंगाट आला. जर्मन लोक रडार बुजवतायत असं वाटलं. जे. एस. हे नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाहिलं की आवाज सूर्याच्या दिशेनं येतोय आणि सूर्यावर मोठा डागांचा समूह आहे. पाच वर्षांनी, 8 मार्च 1947 ला, ऑस्ट्रेलियात रूबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांना एक स्फोट 200, 100 आणि 60 मेगाहर्ट्झवर काही मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ आलेला दिसला. टाइप टूची ती पहिली नोंद. टाइप वन, टू, थ्री ही वाटणी 1950 मध्ये वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी केली. त्याच सुमाराला पेन-स्कॉट बाईंचं लग्न झालेलं असल्याचं उघड झालं म्हणून त्यांची कायम नोकरी काढून घेतली होती. वाचून भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, बराच वेळ बडबडत होती.

आमचा टाइप टू आला तो एका साध्या कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी दुकानात कुणाचा तरी मिक्सर उघडून बसलो होतो. संध्याकाळी नोंदी चाळताना आधी टाइप थ्रीचा एक झुबका दिसला, नंतर काही मिनिटं काहीच नाही, आणि मग 80 च्या वरून एक जाड, कडा फाटलेला पट्टा हळूहळू खाली उतरताना दिसला. पावसाळ्यात भिंतीवरून ओल उतरते तसा. 80 पासून 50 पर्यंत यायला त्याला चार मिनिटं लागली. भाच्याला फोन केला. त्यानं दोन-तीन केंद्रांच्या नोंदी काढल्या आणि नुसतं "मामा!" एवढंच म्हणाला.

आता त्या आघाताचा वेग काढायचा. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. सूत्र सोपं आहे: फ्रिक्वेन्सीवरून दाटी, दाटीवरून उंची, उंचीतला फरक भागिले वेळ. दाटी आणि उंचीचा संबंध सांगणारी जी वेगवेगळी मापं आहेत, त्यातलं न्यूकर्क यांचं 1961 चं माप घेतलं. मी कॅल्क्युलेटरवर काढलं तर उत्तर आलं सेकंदाला साधारण 545 किलोमीटर. भाच्यानं काढलं ते 845.

दोघांचंही गणित बरोबर होतं. टाइप टू बहुधा जोडीनं येतो: एक पट्टा मूळ फ्रिक्वेन्सीचा आणि दुसरा तिच्या दुपटीचा, दोन्ही एकाच वेळी खाली उतरणारे. मी दिसलेला पट्टा मूळ धरला होता, त्यानं दुपटीचा. दुपटीचा असेल तर खरी प्लाझ्मा-फ्रिक्वेन्सी, म्हणजे तिथले इलेक्ट्रॉन हलतात ती, 40 आणि 25, म्हणजे आघात आणखी उंचावर, जिथं दाटी सावकाश उतरते. तेवढ्याच घसरणीला जास्त अंतर कापावं लागतं. आमच्या 45 ते 87 च्या खिडकीतून जोडीतला एकच दिसतो, तो कुठला हे कळायला मार्ग नाही. रुंद पट्टा पाहणाऱ्या केंद्रांच्या नोंदीत आमच्या पट्ट्याच्या खाली, निम्म्या फ्रिक्वेन्सीला, दुसरा फिका पट्टा होता. म्हणजे आमचा दुपटीचा. भाचा जिंकला.

पण ते 845 तरी किती खरे? प्रभामंडल त्या दिवशी त्या जागी न्यूकर्कच्या मापापेक्षा दुप्पट दाट असेल, तर तेच चित्र 1,100 सांगतं, आणि सूर्य जोरात असताना दुप्पट दाटी धरायची पद्धत आहेच. शिवाय आघात सरळ वर न जाता तिरका गेला तर आपण फक्त उभी चढण मोजतो. म्हणून मोबाइलवर "अमुक वेगाचा धक्का निघाला" असा बिनशेंड्याचा आकडा आला, की मी पहिल्यांदा विचारतो, कुठलं माप धरून? धंद्यात एक सवय लागलीय, मीटरचं रीडिंग सांगताना रेंज कुठली ते सांगायचं. इथंही तेच.

दुकानात येणारे लोक विचारतात, वादळ कधी पोहोचणार ते यातून कळतं काय. थेट नाही. रेडिओ सिग्नल सव्वाआठ मिनिटांत येतो, द्रव्य यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि आम्ही मोजतो ती उंची सूर्याच्या अगदी अंगालगत. पुढे तो आघात वाटेत ढिला पडतो, का आपल्या दिशेनं येतच नाही, हे गच्चीवरून दिसत नाही. फ्रिक्वेन्सी दहा-पंधरा मेगाहर्ट्झच्या खाली गेली की आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, सिग्नल वरच परतवतं. तिथून पुढचा पाठलाग अंतराळातल्या यंत्रांनी करायचा. 1994 मध्ये सोडलेलं विंड यान ते अजून करतंय. आपलं आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून पंधरा लाख किलोमीटरवर उभं आहे, पण त्याच्या सात उपकरणांत रेडिओ रिसीव्हर नाही. ते प्रभामंडलाचे फोटो घेतं, येणारे कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजतं. म्हणजे सूर्याच्या अंगालगतचं हे रेडिओचं काम जमिनीवरच्या अँटेनांनाच करायचंय, याचा मला थोडा माज आहे.

आता दुसरी अँटेना करतोय, एफएमच्या वरची, 110 ते 170. आमच्या जुन्या पट्ट्यात मूळ असेल तेव्हा दुपटीचा इथं दिसेल आणि मामा-भाच्याचा वाद घरच्या घरी मिटेल. एलिमेंट लहान, सगळ्यात लांब तो 1.36 मीटरचा, वानरांनाही लटकायला अपुरा. मधल्या 118 ते 137 मध्ये बेळगावच्या सांबरा विमानतळाचं बोलणं येणार, आडव्या तुटक रेघांसारखं. ते ओळखायला सोपं, विमान उतरलं की थांबतं.